मदत हवी आहे: इथले, म्हणजे इंग्लंडमधले, साधे कामगार वर्षातून किती वेळा परदेशी फिरायला जातात?

नमस्कार मंडळी. लीड्सजवळ एका गोदामात पॅकिंगला आहे, दीड वर्ष झालं. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणारा गडी मे महिन्यात टेनेरिफला, म्हणजे स्पेनच्या बेटावर, जाऊन आला. मान अजून लालभडक आहे, आणि आता जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऑक्टोबरचं बेनिडॉर्मचं (तेही स्पेनचंच, समुद्रकाठचं गाव) बुकिंग दाखवतोय! पगार जवळपास माझ्याएवढाच.

पगारी रजा कायद्याने किमान २८ दिवस, बँक हॉलिडे (इथल्या सार्वजनिक सुट्ट्या) धरून. त्यातले बरेचसे मी भारतवारीसाठी राखून ठेवतो. मग ही मंडळी वर्षातून दोनदा जातात ते खरंच सर्रास, की हाच एकटा हौशी? पॅकेज हप्त्यांनी भरतात म्हणे. कोणी तसं केलंय का?

शाळेच्या सुट्टीत दर डोळे पांढरे करणारे, आणि शाळा बुडवून नेलं तर इंग्लंडमध्ये दर मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड. त्यात आपला भारतीय पासपोर्ट, म्हणजे शेंगेन व्हिसाचे (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मोठ्यांना माणशी ९० युरो वेगळेच. बायको म्हणते, इथल्याच स्कारबरोचा समुद्र काय वाईट आहे?

चौघांनी आठवडाभर स्पेन केलेलं कोणी असेल तर एकूण खर्च सांगा, प्लीज.