डेथ कल्ट म्हणे ‘निर्मळ मनाने’ मारतात!

नुलनतेल
परवा वॉरहॅमरच्या (दूरच्या भविष्यातल्या युद्धांचा टेबलावरचा खेळ) मिनिएचर, म्हणजे छोट्या सैनिकबाहुल्या, रंगवण्याच्या धाग्यावर ‘सोनेरीसिंहासन’ यांनी जाता जाता एक पिंक टाकली: “वॉरहॅमर ४०,००० मध्ये झाडून सगळे भ्रष्ट. खरी श्रद्धा उरलीय ती डेथ कल्टमध्ये. ते मारतात, पण निर्मळ मनाने.” तिथे रंगांची चर्चा चालली होती म्हणून गप्प बसलो. पण खाली ‘+१’ची रांग लागलेली बघून राहवेना.

अहो, खेळातल्या मानवी साम्राज्याच्या ज्या सम्राटाला देव मानून हे डेथ कल्टवाले, म्हणजे खुनी पंथ, गळे चिरतात, त्याने हयातीत देवधर्माला बंदी घातली होती. त्याच्याच मुलाने, लॉर्गारने, त्याला देव मानून पूजा मांडली, तर त्याची मोनार्किया नगरी अल्ट्रामरीन्स या दुसऱ्या फौजेकरवी बेचिराख करवली. तोच गृहस्थ आज दहा हजार वर्षं सुवर्णसिंहासनावर अर्धमेला बसलाय, त्याच्यासाठी रोज हजार सायकरांचा (मनाची अद्भुत शक्ती असलेल्यांचा) बळी जातो, आणि कुठल्याशा हाइव्हच्या, म्हणजे अजस्र थरांच्या शहराच्या, तळाशी एक बाई पात्यावरचं रक्त प्रसाद म्हणून चाटते. हा विनोद आहे हो. काळाकुट्ट, पण विनोदच. तो कळला नाही तर नुसता चिलखतांचा कॅटलॉग उरतो.

दुसरं म्हणजे, हे ‘निर्मळ’ लोक असतात कोणाच्या पदरी? व्हँडायर या धर्मप्रमुखाने धर्मपीठाची फौज वापरून धुमाकूळ घातला, शेवटी त्याच्याच अंगरक्षक बायकांनी त्याचं मुंडकं उडवलं. त्यानंतर धर्मपीठाला सशस्त्र पुरुष बाळगायची बंदी झाली. मग पळवाटा. बायकांची फौज ही एक, आणि “सैनिक कुठले, भाविक आहेत” म्हणून जवळ केलेले डेथ कल्ट ही दुसरी. पाखंड शोधणाऱ्या इन्क्विझिटरला उपयोगी पडला तो पंथ त्याच्या लवाजम्यात, नाही पडला तो चितेवर. विधी तोच, सुरी तीच. कोणाला खुनी पंथ म्हणायचं ते करणीवरून नाही, मालकावरून ठरतं.

सोनेरीसिंहासन
बापरे, एका ओळीला एवढा प्रबंध! सुट्टी दिसतेय.

मुद्दा साधा होता. ऑफिशिओ असॅसिनोरमचा, म्हणजे साम्राज्याच्या मारेकरी खात्याचा, इव्हर्सर घ्या. रसायनं टोचून गोठवून ठेवायचा, काम पडलं की वितळवायचा आणि सोडून द्यायचा. त्याला स्वतःचं असं काही उरलेलंच नसतं. डेथ कल्टवाली स्वतःच्या पायाने येते. मी त्याला श्रद्धा म्हणतो. तुम्ही विनोद म्हणा.

नुलनतेल
स्वतःच्या पायाने? जन्मल्यापासून सूर्य न पाहिलेली पोर, कानावर दिवसरात्र भोंग्यावरची प्रवचनं, प्रश्न विचारला की पाखंडी. ती निवडणार कशातून?

आणि तुमच्यासारखे ‘निर्मळ’वाले सगळेच निरुपद्रवी नसतात. आमच्या खेळायच्या ग्रुपात एक जण होता. आधी गंमत म्हणून ‘पाखंड्यांना जाळा’ म्हणायचा. मग जेवायच्या टेबलावर खऱ्या माणसांबद्दल, खऱ्या वस्त्यांबद्दल तेच म्हणायला लागला, त्याच आवाजात. त्याला बोलवणं बंद केलं. २०२१ मध्ये गेम्स वर्कशॉपला, म्हणजे हा खेळ काढणाऱ्या कंपनीला, जाहीर सांगावं लागलं की इम्पीरियम (खेळातलं सम्राटाचं साम्राज्य) द्वेषावर चालतं, आमचा छंद नाही. स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक जण नाझी चिन्हं घालून आला होता, त्यानंतर. कंपनीला स्वतःचा विनोद समजावून सांगायची वेळ आली!

सोनेरीसिंहासन
म्हणजे मी आता नाझी. छान. चालू द्या.

खिसाफाटका
कंपनीने निवेदनं काढण्यापेक्षा किमती उतरवाव्यात. बोटभर प्लास्टिकचे एवढे पैसे, वर कस्टम्स. ज्या दुकानात आगाऊ पैसे भरले तो ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत दिवाळीपासून टोलवतोय. खरा पाखंडी तो.

चौथीपिढी
तुम्ही दोघं नको त्या पंथावर भांडताय. खरी शोकांतिका जीनस्टीलर कल्टची, म्हणजे परग्रही रक्त मिसळलेल्यांच्या पंथाची. खाणीत पिढ्यान्‌पिढ्या पिचलेले कामगार. त्यांना कोणीतरी सांगतं की चार हातांचा सम्राट येईल आणि तुम्हाला सोडवेल. चौथ्या पिढीपर्यंत पोरं माणसांसारखी दिसायला लागतात, पालिकेत, पोलिसांत, सैन्यात शिरतात. एक दिवस उठाव होतो, मालक मरतात. आकाशात खरंच काहीतरी उतरतं. टायरनिड, सगळं खाऊन टाकणारे परग्रही जीव. ते मालकांना खातात आणि भक्तांनाही खातात. अख्ख्या आकाशगंगेत प्रार्थना फळाला येणारे भक्त बहुधा हेच.

मी मिनिएचर रंगवताना मुद्दाम त्यांच्या अंगावर खाणीतलाच पोशाख ठेवतो. गुडघ्यावर धूळ, खांद्यावर गंज, कपाळावर दिवा. तिसरा हात शेवटी रंगवतो, तोपर्यंत तो नुसता दमलेला कामगार दिसतो.

नुलनतेल
हे आवडलं. तिसऱ्या हाताचा फोटो टाका.

रात्रपाळी
एवढं गोऱ्यांचं कौतुक कशाला? सगळा माल इथूनच उचललाय. कालीच्या नावाने रुमालाने गळे आवळणारे ठग, तोच तुमचा डेथ कल्ट. देवीला बळी, गुप्त भाषा, शकुन-अपशकुन, पिढीजात दीक्षा. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपुरातून त्यांचा बंदोबस्त केला नसता तर आजही कोणी एकट्याने नागपूरला गेलं नसतं.

कागदपत्रं
सकाळी सकाळी डोकं फिरवलंत. ‘कालीचा पंथ’ हे सगळं कोणाच्या तोंडचं आहे? माफीच्या साक्षीदारांच्या. फाशी टळावी म्हणून साहेबाला हवं ते सांगणाऱ्यांच्या. त्यांत कितीतरी मुसलमान होते, ते कसले कालीभक्त? १८३६ चा कायदा बघा. अमका खून केला हे सिद्ध करायची गरजच नाही, ठगांच्या टोळीत होता एवढं पुरे, जन्मठेप. हा कायदा इन्क्विझिशनलाही आवडला असता.

रात्रपाळी
म्हणजे प्रेतं खोटी? फिरंगिया या पकडलेल्या ठगाने बोट दाखवलं तिथे खणलं तर हाडं निघाली, ती पण इंग्रजांनी पुरली का? आणि मुसलमानांचं म्हणाल तर देवी मानणारे मुसलमान आजही गावोगाव आहेत. स्लीमन स्वतः लिहितो, १८२२ ते २४ मध्ये तो नरसिंहपूरचा अधिकारी होता, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवर कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि त्याला पत्ता नव्हता. इतका गुप्त पंथ.

कागदपत्रं
चारशे यार्डांवर राहून दिसला नाही, म्हणजे गुप्त होता. किंवा तोवर ते चोर-दरोडेखोरच होते आणि ‘पंथ’ नंतर कागदावर झाला. दुसरी शक्यता तुम्हाला सुचत नाही, कारण पहिलीत थरार आहे.

खून झाले, वाटसरू मेले, हे कोण नाकारतंय? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पेंढारी मोडले, संस्थानांच्या फौजा घटल्या. हत्यार चालवणारे हजारो लोक रिकामे झाले, त्यातले काही वाटमारीला लागले. त्यांनी शकुन पाहिले, देवीला नारळ फोडला. देवीला नारळ शेतकरीही फोडतो आणि आमदारही.

इराणातल्या आलमूत किल्ल्यावरच्या मारेकरी पंथाचंही तेच. हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये किल्ला घेतला, दोन वर्षांत सेल्जुक तुर्कांचा वजीर निझाम-उल-मुल्क मारला गेला, इथपर्यंत इतिहास. ‘चरस पाजून स्वर्गाची बाग दाखवायचे’ ही कथा लोकप्रिय केली मार्को पोलोने, मंगोलांनी १२५६ मध्ये किल्ला पाडल्यावर. पंथाची कथा कायम पंथ संपवणाऱ्यांच्या दफ्तरात सापडते.

रात्रपाळी
डाव्या पुस्तकांतलं पाठ केलेलं दिसतंय. तुमच्या हिशोबाने जगात खुनी पंथ झालेच नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत ओम शिनरिक्योने सरीन हा विषारी वायू सोडला, तो पण साहेबाच्या दफ्तरात?

कागदपत्रं
तो खरा पंथ. गुरू, आश्रम, प्रयोगशाळा, शास्त्र शिकलेले चेले, सगळं उघड कोर्टात आलं, ज्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला झाली. ‘ओमवाल्याच्या नातवाला रोज चौकीवर हजेरी’ असा कायदा जपानने केला नाही. फरक समजतोय का?

तारेपलीकडे
हजेरीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी वॉरहॅमर खेळत नाही, भाचा खेळतो, त्याने लिंक पाठवली.

ठगांवरून धडा घेऊन इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. भोवती काटेरी तार. दिवसातून अनेकदा हजेरी, गिरणीत कामाला जायला पास, मयताला जायलाही पास. एकदा पोरगं तापाने फणफणलं म्हणून आजी हजेरीला उशिरा पोचली, तर तिला सगळ्यांसमोर उन्हात उभं केलं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, तार तुटली, मग सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. आजही आमच्याकडे पारध्यांच्या पालावर पोलीस आधी जातात, चोरी कुठे झाली ते नंतर विचारतात.

रात्रपाळी, तुमचा तो ‘बंदोबस्त’ असा आमच्यापर्यंत आला.

रात्रपाळी
तुमच्या आजोबांबद्दल मी काही बोललो नव्हतो. सेटलमेंट वाईटच. पण ठग होते, एवढं तरी म्हणू द्याल की नाही?

तारेपलीकडे
म्हणा की. नुसतं ‘होते’ म्हणा, ‘त्यांची जात’ म्हणू नका. वर ‘पिढीजात’ तुम्हीच लिहिलंय.

रात्रपाळी
बरं. ‘पिढीजात’ मागे. बाकीचं तसंच. आणि कागदपत्रं यांनी ‘डाव्या’वर गप्प बसून कबुली दिलीय, याचीही नोंद घ्यावी.

कागदपत्रं
घेतली. साहेबाच्या वहीत लिहून ठेवा, दोनशे वर्षांनी पुरावा होईल.

सोनेरीसिंहासन
माझ्या एका ओळीवरून सोलापूर गाठलंत, कमाल आहे. नुलनतेल, ‘मालकावरून ठरतं’ हे तुमचं अर्धं मान्य. अर्धंच! ज्या डेथ कल्टला मालकच नाही, जो स्वतःच्याच ग्रहावर शतकानुशतकं गुपचूप बळी देतो, त्याचं काय? तसे पंथही लोरमध्ये, म्हणजे खेळाच्या कथाविश्वात, आहेत. त्यांचं उत्तर तुमच्या प्रबंधात नाही.

नुलनतेल
इन्क्विझिटर अजून तिथे पोचायचा आहे, एवढंच. पोचला की दोनपैकी एक होईल.

सोनेरीसिंहासन
हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. धर्मपीठात नोकरी मिळेल तुम्हाला.

खिसाफाटका
दुकानदाराचा मेसेज आला. ‘पुढच्या आठवड्यात.’ इन्क्विझिटर कोणाच्या ओळखीचा आहे का?