आठवीपासून पीयूसीपर्यंत (अकरावी-बारावी) सगळ्या मुलांकडून बालपणीच्या आघातांची प्रश्नावली भरून घ्यावी का? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी)

मलप्रभाकाठ

माझं मत: घ्यावी, वर्षातून एकदा, प्रत्येकाकडून. प्रश्नावली तयार आहे, 'एस' (ACE) नावाची. 1998 साली फेलिट्टी आणि आंदा या डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन दिएगोमधल्या साडेनऊ हजार प्रौढांच्या पाहणीतून तिचा पाया घातला. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरात दारू, घरातलं कुणी तुरुंगात, आईवडील विभक्त अशा 10 गोष्टी त्यात आता धरतात. प्रत्येकीला एक गुण. चार किंवा जास्त गुण असलेल्यांत नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका शून्य गुणवाल्यांच्या 4 ते 12 पट आढळला होता.

आपल्याकडे काय होतं? मूल एसएसएलसीला (दहावीला) नापास झालं, घरातून पळालं किंवा तणनाशक प्यायलं की मग सगळे विचारतात, "असं का केलंस?" 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. चाळीसच्या वर्गात सरासरी तीन मुलं झाली. ती कोण, हे शाळेला माहीत नको?

टिळकवाडी_क्लिनिक

माहीत हवं, पण या पट्टीने नको. खुद्द आंदा यांनीच 2020 साली सहकाऱ्यांसोबत लिहिलंय की हे गुण एकेका माणसाची चाचणी म्हणून वापरू नका. गुण लोकसंख्येचा अंदाज देतात, समोरच्या मुलाचा नाही. एकदा झालेला अत्याचार आणि सात वर्षं चाललेला अत्याचार, दोन्हींना 1. कोणत्या वयात झाला, कुणी केला, सांगितल्यावर आईने विश्वास ठेवला की थोबाडीत दिली, यातलं काहीच त्यात येत नाही. आणि पुढं काय होणार हे बरंचसं त्या शेवटच्या गोष्टीवर ठरतं.

त्यात त्या यादीत आपला मुलूखच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये दूधगंगा-वेदगंगेचं पाणी घरात शिरलं, त्याला गुण शून्य. पंधराव्या वर्षी लग्न, शून्य. यल्लम्माला सोडलेल्या बाईची मुलगी म्हणून शाळेत रोज ऐकावं लागतं, तेही शून्य. (देवदासी सोडण्यावर कर्नाटकात 1982 च्या कायद्यापासून बंदी आहे, टोमण्यांवर कुठली बंदी?)

आणखी एक. आघात झालेल्या मुलांपैकी सगळी आजारी पडत नाहीत. 2014 च्या एका एकत्रित विश्लेषणात आघातोत्तर तणावाचा विकार झालेल्यांचं प्रमाण साधारण 16 टक्के आलं. उरलेल्यांना "तू चार गुणांचा" असा शिक्का कशाला?

वडगावचे_मास्तर

कागद वर्गात वाटायच्या आधी कायदा वाचा. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), 2012, कलम 19: अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. प्रश्नावलीवर नाव असेल तर एका खुणेवरून तक्रार नोंदवावी लागेल आणि त्या पोरीला ते आधी कुणी सांगितलेलंच नसेल. नाव नसेल तर मदत कुणाला करणार? कपाटात गठ्ठा पडून राहील.

म्हणून पहिला नियम: "मी कुणाला सांगणार नाही" हे वाक्य कोणत्याही शिक्षकाने उच्चारू नये. "तुझ्या जिवाला धोका असेल तर ज्यांना सांगावं लागतं त्यांनाच सांगीन, आणि आधी तुला विचारात घेईन" इतकंच म्हणावं. आपल्या भागातली अडचण वेगळीच. घरी मराठी, स्टेशनात कन्नड. जबाब घेताना दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे (कलम 26), ती मागून घ्यावी लागते. मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा. शेजारच्या काकांना दुभाषी म्हणून बसवलं तर मूल अर्धं गिळून बोलतं, आणि कधी कधी काकाच आरोपीचे पाव्हणे निघतात.

मलप्रभाकाठ

म्हणजे कायद्याची भीती म्हणून विचारायचंच नाही? शिक्षकाने डोळे मिटले म्हणून अत्याचार थांबत नाही. शांत, हुशार, पहिल्या बाकावरची मुलगी बाहेरून ठीकच दिसते. तिला कुणी कधी विचारतच नाही, हाच तर आजार आहे.

निपाणी_समुपदेशन

विचारायचंच. पण घटना नाही, आजची लक्षणं विचारायची. त्यासाठी 'क्राइस-8' आहे: आठ प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, आठ वर्षांवरच्या मुलांसाठी. प्रत्येक उत्तराला 0, 1, 3 किंवा 5; एकूण 40 पैकी 17 वा जास्त आले तर सविस्तर भेट. घटना कोणती ते मुलाने मनातच ठेवायचं, लिहायचं नाही. सोबत नैराश्याची 'पीएचक्यू'ची किशोरांसाठीची नऊ प्रश्नांची यादी. तिच्या नवव्या प्रश्नाला (मरावंसं वाटणं, स्वतःला इजा करणं) शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी बोलायचं, शाळा सुटायच्या आत. कागद शुक्रवारी दुपारी भरून घेऊन सोमवारी तपासायचे, हा हमखास होणारा घोळ. सोमवारी-मंगळवारी सकाळी घ्या.

कागदाइतकेच डोळे उघडे ठेवा. डस्टर आपटला की दचकणारं, भिंतीला पाठ लावूनच बसणारं, हाक मारली तरी सुन्न बघत राहणारं मूल "लक्ष नाही" या शेऱ्याखाली जातं. घरी ते "आई, छातीत धडधडतंय", "पोटात गोळा येतोय" एवढंच सांगतं आणि पोटाची सोनोग्राफी होते. मोठ्या मुलांत, सतरा-अठराच्या पुढं, दुसरं रूप दिसतं: राग आवरत नाही, "मीच घाणेरडी" असं पक्कं बसलेलं, कुणाशी नातं टिकत नाही. आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक यादीत याला आघातोत्तर तणावाचा जटिल प्रकार म्हणून वेगळी जागा दिली आहे.

घटप्रभा

सगळ्यालाच आघात म्हणायची फॅशन आलीय. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा पुढे कित्येक वर्षं अभ्यास झाला. गरिबी, भांडणं, आजारी आईबाप अशा घरातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश नीट, कर्तबगार निघाली. आमच्या आजोबांच्या पिढीनं छड्या खाल्ल्या, पुढं संसार केले.

टिळकवाडी_क्लिनिक

एक तृतीयांश निभावली म्हणजे दोन तृतीयांश अडखळली, हेही वाचा. आणि निभावलेल्यांच्या आयुष्यात घरातलं वा बाहेरचं एखादं तरी भरवशाचं माणूस होतं, असं त्याच अभ्यासात निघालं. छड्यांचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच त्या बंद केल्यात.

मुद्दा पुढचा आहे. प्रश्नावलीत सापडलेल्या मुलाला पाठवणार कुठे? आघातकेंद्री सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे बोलके उपचार) साधारण 12 ते 16 बैठका, आठवड्याला एक, आईबाप किंवा पालक सोबत. आधी झोप, भीती, शरीराची घालमेल आवरायला शिकवायचं. घटनेची कहाणी मधल्या टप्प्यात. नवखे समुपदेशक पहिल्याच दिवशी "काय झालं ते सगळं सांग" म्हणतात. मूल रात्रभर जागतं आणि दुसऱ्या बैठकीला येत नाही. पुरानंतर सगळ्या वर्गाला गोल बसवून एकाच बैठकीत रडवणं हाही तसाच प्रकार. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही. मुलाला झोपेच्या गोळ्याही नकोत. बेन्झोडायझेपिन गटाची औषधं घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात मुलांना देऊ नका, असं त्यांनीच 2013 मध्ये सांगितलंय.

घाबरून गेलेल्या मुलाला वर्गात डोळे मिटायला लावू नका, आठवण आणखी जोरात येते. पाय जमिनीवर, डोळे उघडे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. भराभर खोल श्वास घेतला की चक्कर येते आणि मूल जास्तच घाबरतं.

मलप्रभाकाठ

लक्षणांची यादी मान्य. पण 12 बैठका खानापूरच्या जंगलपट्टीतल्या आईला कशा जमणार? बेळगावला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था त्याहून लांब, निपाणीवाले तर कोल्हापूरच गाठतात. ऊसतोडीच्या घरातलं मूल हंगामात महिनोन् महिने गावात नसतं, बैठका चौथ्याच आठवड्याला तुटतात.

निपाणी_समुपदेशन

म्हणूनच पाहणी जून-जुलैत घ्या, दिवाळीनंतर नाही. बैठका ऊसतोड सुरू व्हायच्या आत उरकतील. किशोरांसाठी सरकारी दवाखान्यात स्नेहा क्लिनिक असतं, ते कोणत्या वारी चालू असतं हे शाळेच्या फळ्यावर लिहा. दोन भेटींच्या मध्ये टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट. भाषांत मराठी आहे. फोन लागल्यावर आधी भाषा निवडायची, नाहीतर मूल समोरचं कन्नड ऐकून फोन ठेवून देतं. घरातच धोका असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन.

वडगावचे_मास्तर

हे सगळं चालेल. फक्त भरलेले कागद हेडमास्तरांच्या टेबलावर नकोत, हजेरीपटाला टाचलेले तर नकोच. एक माणूस, एक कुलूप, आणि मूल शाळा सोडताना कागद त्याच्या समोर फाडायचा. यावर मुख्याध्यापकांची लेखी सही मिळत नसेल तर त्या शाळेत पाहणी सुरूच करू नका.

मलप्रभाकाठ

फाडायचा? मग पुढच्या कॉलेजला काय कळणार?

वडगावचे_मास्तर

मुलाला सांगावंसं वाटलं तर तेच सांगेल.