१९६९ ची शेव्हेल : मागचा रेशो ३.०८ करावा का?

वुडवर्डकर
नमस्कार मंडळी. डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. दोन वर्षांपूर्वी शेव्हरोलेची १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ घेतली. ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन, मन्सी एम-२० हा चार गिअरचा गिअरबॉक्स, मागे बारा बोल्टांचं डिफरन्शियल, पॉझिट्रॅक्शनसह (म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोर मिळतो). मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे, ३.३१ असल्याचं विकणाऱ्याने कागदावर लिहून दिलं होतं. टायर २३५/६०-१५, म्हणजे व्यास २६ इंच.

गावात गाडी अशी पळते की सिग्नल लाल झाला तरी बरं वाटतं, पुन्हा सुटायला मिळतं. पण आय-७५ हायवेला लागलो की चौथ्या गिअरमध्ये जीपीएसवर ७० मैल आणि टॅकोमीटरवर ३४००. शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागतं. उतरल्यावर अर्धा तास कानात घूंऽऽ चालूच. या इंजिनाला ३२०० आरपीएमलाच ४१० फूट-पाउंड टॉर्क आहे, त्याला मोठ्या आकड्याच्या रेशोची गरज काय? ३.०८ चा क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी) टाकायचं जवळजवळ ठरवलंय. कोणाचं वेगळं मत असेल तर आत्ताच सांगा.

चार_दहा
माझं आहे, आणि ठाम आहे. एम-२० चा पहिला गिअर २.५२. त्याला ३.०८ ने गुणा, ७.७६ येतात. माझ्या गाडीत ४.१० आहे, तिथे १०.३३ येतात. सुटताना चाकाला मिळणारा जोर याच आकड्यावर ठरतो. ३.०८ टाकलात तर सिग्नलवरून निघताना क्लच घासत बसाल.

दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटते, त्यासाठी आपण या गाड्या सांभाळतो. हायवेला शांतपणे जायला घरात दुसरी गाडी असेलच.

वुडवर्डकर
आहे, पण मला हीच घेऊन जायची असते. मॅकिनॉ पुलापर्यंत न्यायची इच्छा आहे. ४.१० वर ७० ला ३७०० आरपीएम होतात. तुम्ही अशी किती तास चालवता?

चार_दहा
तासभर. त्याहून जास्त नाही, हे कबूल.

पाचवा_गिअर
दोघंही एकाच टोपीत दोन डोकी घालायला बघताय. रेशो आहे तोच ठेवा, पाच गिअरचा ट्रेमेक गिअरबॉक्स बसवा. पाचवा ०.६८ चा घेतलात की ३.७३ सुद्धा हायवेवर २.५४ होतो, ७० ला जेमतेम २३००. सुटायला जोर, पळायला शांतता. मी केलंय आणि पुन्हा करेन.

जुनी_मन्सी
आणि मन्सी कुठे गेली? गॅरेजच्या कोपऱ्यात. खर्च काही हजार डॉलर, शाफ्ट कदाचित नव्या मापाचा, काही गिअरबॉक्सना तर गाडीच्या तळाचा बोगदाही कापावा लागतो. पन्नास वर्षं टिकलेलं पत्र्याचं अंग मी तरी कापणार नाही.

एक लक्षात घ्या, १९७४ पासून इथे ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, १९९५ मध्ये ती देशपातळीवर उठली. ५५ ला ३.७३ वर २६५० आरपीएम. तेव्हा कोणी कुरकुर करत नव्हतं. गाडी तीच आहे, आपला वेग वाढलाय.

मेकॅनिकचा_मुलगा
वडील कोल्हापूरला ट्रकची डिफरन्शियल बांधायचे, त्यामुळे मी आधी आकडे जुळतात का ते बघतो. तुमचे जुळत नाहीत. वेग गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास. ७० ला ३.३१ धरला तर २९९४ येतात. तुम्ही ३४०० सांगताय. वरचे ४०० कुठून आले? ३.७३ घालून बघा, ३३७४.

कागदावर जाऊ नका. मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रल. टायरवर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारा. चाक दहा फेरे फिरवा आणि शाफ्टचे मोजा.

वुडवर्डकर
शनिवारी मोजलं. मुलगी शाफ्टजवळ बसून मोठ्याने मोजत होती. दहाव्या फेऱ्याला शाफ्ट ३७ पूर्ण करून पाव फेऱ्याच्या थोडा पुढे थांबला. दोनदा मोजलं, तेच. ३.७३ आहे! कोणीतरी मधल्या काळात बदललेला असणार. दोन वर्षं मी ३.३१ ला दोष देत होतो.

चार_दहा
मग जिचं कौतुक वर लिहिलंत ती पळ ३.७३ ची आहे. पहिल्या गिअरला ९.४ मिळताहेत. ३.०८ वर गेला असतात तर सहावा हिस्सा गेला असता. आता तरी हात लावू नका.

मेकॅनिकचा_मुलगा
३.०८ नकोच, पण खरा ३.३१ विचारात घ्यायला हरकत नाही. खर्च करण्याआधी फुकटात तपासा. ३.३१ वर ७० ला जे ३००० होतील, तेच आज ३.७३ वर ६२ ला होतात. तासभर ६२ ने जा आणि कान काय म्हणतात बघा.

बदललात तर जोडणाऱ्याकडून दातांवर रंग लावून ठसा काढून घ्या. ठसा दाताच्या मध्यावर हवा, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, सहा ते दहा थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत. इथे घाई केली की नवा सेटही रडत राहतो. पॉझिट्रॅक्शनचं वेगळं ॲडिटिव्ह तेलात घालायला विसरू नका, आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदला.

वुडवर्डकर
काल फ्लिंटपर्यंत जाऊन आलो, ६२ ने, उजव्या लेनमधून. बायको साध्या आवाजात बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं.

चार_दहा
६२ ला वाराही कमी असतो, तो हिशेबात धरलात का?

वुडवर्डकर
धरला. परतीच्या वाटेवर ७० ला क्लच दाबून थोडा वेळ नुसतं ऐकलं. वारा होता, पण घूं इंजिनाचीच होती. ३.३१ मागवतोय. काढलेला ३.७३ तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवणार आहे.

चार_दहा
तो विकू नका. विकायचाच झाला तर आधी मला विचारा.