गोळ्या बंद करण्याआधी हे वाचा (सोसायटी ग्रुपवरून)

नीलिमा वहिनी, ए-203: सकाळपासून एक मेसेज फिरतोय, ‘डिप्रेशनच्या गोळ्या सोडा, व्हिटॅमिन सी घ्या.’ माझी बहीण दीड वर्ष गोळ्या घेतेय. कालच म्हणाली, आता बंद करते. खरं आहे का हे?

सुजाता, सी-501: वहिनी, आधी तिला फोन करा. या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. दुखणंही उलटू शकतं. बंद करायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात.

देशमुख काका, बी-102: पण त्यात काहीच तथ्य नाही असं कसं? लिंबू-आवळा आपण पिढ्यान्पिढ्या खातोय.

सुजाता: तथ्य आहे काका, म्हणूनच सविस्तर लिहिते. आई गेल्यावर बाबा सात महिने एकटे होते. विचारलं की म्हणायचे, जेवलो. प्रत्यक्षात चहा-खारी आणि रात्री दूधभात. इकडे आणलं तेव्हा दिवसभर पलंगावर, बोलणं नाही, पेपरसुद्धा उघडायचे नाहीत. मला वाटलं दुःखच आहे. मग एकदा बेसिनमध्ये त्यांचा ब्रश पाहिला, केसांच्या मुळाशी रक्त. पोटऱ्यांवर निळे डाग. डॉक्टरांनी हिरड्या बघून पहिला प्रश्न विचारला, ‘फळं कधी खाल्लीत?’ रक्त तपासलं तर व्हिटॅमिन सी अगदी तळाला.

हे ना, स्कर्व्ही. जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तोच. 1747 मध्ये जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड याने संत्री-लिंबं देऊन खलाशी बरे केले होते. हिरड्या सुजण्याआधी माणूस गळून जातो, उदास होतो. मेंदूत डोपामिनपासून नॉरॲड्रेनलिन बनतं, दोन्ही मूडशी जोडलेली रसायनं. ते बनवणाऱ्या एन्झाइमला व्हिटॅमिन सी लागतं.

मधुरा, ए-404: म्हणजे व्हिटॅमिन सीच्या गोळीनं मूड सुधारतो?

सुजाता: कमतरता असेल तर सुधारू शकतो. मॉन्ट्रियलच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल रुग्णांना 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं आठवडाभर दिलं. त्यांचा मूड सुधारला. 2011 चा अभ्यास. पण त्यांच्यात कमतरता सर्रास होती, आणि अभ्यास छोटा. डिप्रेशनच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. ज्याच्या शरीरात पुरेसं आहे त्याला जास्त देऊन औषधाची जागा भरत नाही.

बाबांचंच बघा. आवळ्याचा रस आणि सीच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत हिरड्या बऱ्या झाल्या, उठून फिरायला लागले. आईची आठवण काढून रडणं मात्र थांबलं नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची गोळी अजून चालू आहे. दोन्ही लागलं.

देशमुख काका: मी रोज 1000 ची चघळतो. चालेल ना?

सुजाता: काका, तुम्हाला मूतखडा होऊन गेलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जादा सी मधून लघवीत ऑक्झलेट वाढतं, त्याचे खडे होऊ शकतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबानं पुरुषांना दिवसाला 80 मिलिग्रॅम पुरतं, बायकांना 65. ते एका पेरूत भागतं. आणि वरणावर लिंबू पिळायचं ते ताटात, उकळत्या पातेल्यात नाही. उष्णतेनं सी जातं. मोरावळ्याचंही तेच, कच्च्या आवळ्याइतका भरवसा धरू नका.

नीलिमा वहिनी: फोन झाला. कालची एक गोळी चुकवलीये. रडत होती, म्हणते आता सहन होत नाही. मी तिच्याकडे निघाले.

सुजाता: जा वहिनी, तिला एकटी सोडू नका. तिच्या डॉक्टरांना आत्ताच फोन लावा, चुकलेल्या गोळीचं तेच सांगतील. ते लागले नाहीत तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात.

देशमुख काका: सुजाता, बाबांना पाच वाजता खाली कट्ट्यावर पाठव. पेरू मी आणतो.

सुजाता: बिया त्यांच्या दातात अडकतात. काढून, बारीक चिरून द्याल का?