आई-बाबा येताहेत, व्हिएन्नात बाहेर कुठे जेवायचं?

प्रेषक: सांगलीकर, १०वा बेत्सिर्क (म्हणजे शहराचा प्रभाग)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत, तीन आठवड्यांसाठी. घरी पोळी-भाजी होईलच, पण भटकायला बाहेर पडलं की दुपारी कुठेतरी टेकावं लागणार. आई शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, ऑम्लेट चालत नाही (ही सीमारेषा कुणी आखली ते विचारू नका). बाबा मासे, कोंबडी, मटण खातात, पण गाय-बैल वर्ज्य. पनीर बटर मसाला खायला काही ते सांगलीहून येत नाहीयेत, त्यामुळे भारतीय रेस्टॉरंटं सोडून सुचवा.

प्रेषक: ठाणेकर वहिनी, २२वा बेत्सिर्क

जागा नंतर सांगते, आधी धोके. सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका बाइस्लात, म्हणजे इथल्या साध्या खाणावळीत, त्यांच्यासाठी सगळ्यात निरुपद्रवी म्हणून बटाट्याचं सॅलड मागवलं. आवडलं त्यांना, दुसरी वाटी घेतली. मी कौतुकानं वेटरला कृती विचारली आणि त्यानं अभिमानानं सांगितलं, बटाटे गरम असतानाच त्यात बीफचं सूप मुरवतात. व्हिएन्नाची पद्धतच ती! सासूबाईंना मी आजतागायत सांगितलेलं नाही. ही लिस्ट त्या वाचत नाहीत, तेवढं बरं.

सुपाचंही तेच. फ्रिटाटनझुपं म्हणजे स्वच्छ, पातळ पाण्यात धिरड्याच्या पट्ट्या. दिसायला किती सोज्वळ! ते पाणी म्हणजे गोमांस तासन् तास उकळून काढलेला अर्क.

आणि तुमच्या बाबांसाठी: मेनूकार्डावर नुसतं 'विनर श्निट्झेल' (चुरा लावून तळलेला मांसाचा काप) लिहिलं असेल तर ते वासराचंच असतं, नियमच आहे तसा. बाबांना बाकहेंडल द्या, तळलेली कोंबडी. फक्त तिच्यासोबत काय येतं सांगू? तेच बटाट्याचं सॅलड.

प्रेषक: नाशिककर, २रा बेत्सिर्क

वहिनी, घाबरवू नका हो. २०१४च्या डिसेंबरपासून इथे प्रत्येक पदार्थात अॅलर्जीचं काय आहे ते सांगावंच लागतं. बहुतेक ठिकाणी कार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं असतात: ए म्हणजे गहू वगैरे, सी अंडं, डी मासे, जी दूध. सी आणि डी टाळा, आईंचा प्रश्न मिटला.

प्रेषक: ठाणेकर वहिनी

मिटला कसा? मांस ही अॅलर्जी नाही, त्याला अक्षरच नाही! डुकराचा अख्खा भाजलेला तुकडा समोर आला तरी त्याच्यापुढे एखादं अक्षर असेल-नसेल. माझ्या अनुभवात उपयोगी पडतं ते एल, म्हणजे सेलरी; सुपात ती बहुधा असतेच. बटाट्याच्या सॅलडपुढे किंवा भाताच्या पदार्थापुढे एल दिसलं की मी सूप कशाचं ते विचारते. 'ओने रिंडझुपं?' (बीफच्या सुपाशिवाय?) एवढं जर्मन पुरतं.

प्रेषक: काका, २१वा बेत्सिर्क

वहिनींचं बरोबर आहे. आणि इथे नावांवर तर अजिबात जाऊ नये. लेबरकेझमध्ये 'केझ' आहे, म्हणून चीज समजून घ्याल तर ती मांसाची भाजलेली वडी निघते, चीज नसतंच. उलट आयरश्वामर्ल. नावात अंडं, प्रत्यक्षात जंगलातली पिवळी अळंबी. सप्टेंबरात अजून मिळतील, सायीच्या रश्शात, सोबत पावाचा गोळा. त्या गोळ्यात मात्र अंडं असतं, पण ते केकच्या बाजूला मोडतं की ऑम्लेटच्या, हे आईंनाच ठरवू दे.

पण माझं ऐकाल तर सरळ हॉयरिगरमध्ये, म्हणजे द्राक्षमळेवाल्याच्या वाइनघरात न्या. गेली तीसेक वर्षं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथेच नेतो. दुसऱ्या योझेफ बादशहानं १७८४ साली शेतकऱ्यांना आपली वाइन आणि आपलं खाणं घरीच विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची ही चाल. दारावर हिरवी डहाळी टांगलेली असली की दुकान उघडं. ग्रिन्झिंगच्या हॉयरिगरांत पर्यटकांच्या बसगाड्या येतात, तिकडे नको; तुम्ही शॉटनरिंगहून ३१ नंबरची ट्राम पकडून शेवटपर्यंत, स्टामर्सडॉर्फला या. वाइन टेबलावर येते, खाणं आपण काउंटरवर जाऊन बोटानं दाखवून घ्यायचं. आईंना दिसतं काय आहे ते, म्हणून मला ही जागा आवडते. काळा पाव, चीज, लोणच्याच्या मिरच्या, लिप्टाउअर नावाचं लालसर चक्क्यासारखं वाटण (त्यात कधी अँचोव्ही मासा घालतात, विचारून घ्या). एकच इशारा: लोण्यासारखं पांढरंशुभ्र जे दिसेल ते डुकराची चरबी आहे. श्माल्झ.

सप्टेंबरात श्टुर्म मिळेल, अर्धवट आंबलेला द्राक्षरस, गढूळ आणि गोड. बाबांना दोन ग्लासांवर थांबवा. आंबणं पोटात गेल्यावरही चालूच राहतं, असं म्हणतात.

प्रेषक: नाशिककर

बरं, अक्षरांचा मुद्दा मागे. पण गावात डोरोटेअरगासंला दोघांचंही भागतं. एका टोकाला त्शेस्नियेफ्स्की, १९०२ पासून. बोटभर पावांवर वाटणं लावलेली. बाबांना हेरिंग मासा, आणि छोटी बिअर हवी असेल तर 'फिफ' म्हणायचं. त्याच गल्लीत कॅफे हावेल्का. तिथे रात्री आठनंतर बुख्टेल्न येतात, आत जॅम भरलेले गरम मऊ पाव. कॉफीसोबत पाण्याचा ग्लास येतो आणि एका कॉफीवर तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही. पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, हे बाबांना सांगा. कॉफीपेक्षा तेच जास्त आवडेल.

टीप टेबलावर ठेवून निघू नका. बिल १८.४० झालं तर पैसे देताना 'त्स्वान्त्सिग' (वीस) म्हणा.

प्रेषक: सांगलीकर

मंडळी, हिशेब देतोय.

हावेल्कात आईनं बुख्टेल्न खाल्ले, अंडं केकच्या बाजूला धरलं गेलं. बाबांनी पाण्याचे चार ग्लास प्यायले, प्रत्येक वेळी 'कोयनेच्या धरणाचं असंच लागतं' म्हणत. अळंब्यांवर आई म्हणाली, 'रस्सा बरा आहे, पण आलं-लसूण विसरलेत.'

स्टामर्सडॉर्फला काउंटरवर ती पांढऱ्या भांड्याकडे बोट दाखवणार तेवढ्यात मी जोरात 'श्माल्झ!' असा ओरडलो की काउंटरवरची बाई दचकली. आता आईच्या पर्समध्ये एक वही असते. पहिल्या पानावर लिहिलंय: 'आयर म्हणजे अंडं, श्वामर्ल सोडून. केझ म्हणजे चीज, लेबर सोडून. बटाटा: विचारणे.'

वहिनी, तुमच्या सासूबाईंची गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.

आणि काका, बाबा दोन ग्लासांवर थांबले नाहीत. परतीच्या ३१ नंबरमधून आम्हाला मधेच, फ्लोरिड्सडॉर्फला उतरावं लागलं. तिथल्या स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पैसे पडले, सुटी नाणी जवळ ठेवा.