व्हॅलेन्सियाला निघालोय, सासूबाई शुद्ध शाकाहारी. काय बघावं, काय खावं?

टिळकवाडीची सून:
नमस्कार मंडळी. दसरा झाला की आम्ही स्पेनला निघतोय. मुलगी व्हॅलेन्सियाला शिकायला आहे, तिच्याकडंच उतरणार. आधी बार्सिलोना, माद्रिद सगळंच करूया म्हणत होतो, पण सासूबाई सोबत आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून एकाच गावात राहायचं ठरलं. त्यांना अंडंही चालत नाही. मिस्टर सगळं खातात, मी मासे खाते पण चिकन नाही. मुलगी म्हणते इथं भात मिळतो, काळजी करू नका. पण ती कॉलेजातनं येणार संध्याकाळी. दिवसभर आम्ही तिघांनी काय करायचं? दशम्या आणि शेंगाचटणी घेतोयच.

शहापूरकर:
बार्सिलोना सोडून तिकडं कशाला? ती पांढऱ्या इमारतींची सायन्स सिटी सोडली तर व्हॅलेन्सिया अर्ध्या दिवसात संपतंय. माद्रिदहून फास्ट रेल्वेनं दोन तासांच्या आत पोचता येतं. तेवढं बघून परत फिरा.

येळ्ळूरचा बासमतीवाला:
शहापूरकर, रागावू नका, पण तुम्ही गाव गाडीच्या काचेतनं बघितलंय. वहिनी, एकाच ठिकाणी राहताय ते बेस्ट केलंत. आमचा थोरला तिकडं नोकरीला होता तेव्हा आम्ही दोघं जाऊन राहिलो. मी भात पिकवणारा माणूस, चर्चच्या कमानी मला फारशा कळत नाहीत. पण ते गाव मुळात भाताचं, पाटाचं आणि संत्र्याचं आहे, त्या अंगानं बघितलं की चार दिवस पुरत नाहीत.

गुरुवार मोकळा ठेवा. मोठ्या कॅथेड्रलला एक अपोस्टल्सचा दरवाजा आहे, प्लाझा दे ला विर्खेन चौकाच्या बाजूला. तिथं दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला पाण्याचं कोर्ट बसतं. दारासमोर गोल कठडा, आत खुर्च्या, त्यावर काळे डगले घातलेले आठ पंच. हे वकील नव्हेत, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी. तुरिया नदीवरनं निघणाऱ्या आठ पाटांचा एकेक माणूस. हातात काठी घेतलेला शिपाई एकेका पाटाचं नाव पुकारतो, त्या पाटाची कुणाची तक्रार आहे का म्हणून. पाळी मोडून पाणी वळवलं, पाट साफ केला नाही, असले खटले. सगळं तोंडी, तिथल्या वालेन्सियन भाषेत, आणि निकाल तिथल्या तिथं. वर अपील नाही. २००९ साली युनेस्कोनं या कोर्टाला वारशाच्या यादीत घेतलं, पण परंपरा त्याआधी कित्येक शतकांची.

आम्ही गेलो त्या दिवशी तक्रारच नव्हती. आठ नावं पुकारली, कुणी पुढं आलं नाही, पंच उठून गेले. फोटोवाले पर्यटक हिरमुसले. मी मात्र बराच वेळ कठड्याला टेकून उभा. आमच्या हिचं माहेर गोकाककडं, घटप्रभेच्या कालव्याच्या पट्ट्यात. पाळीवरनं सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले बघितलेत मी. आणि इथं येळ्ळूर शिवारात उलटंच, बळ्ळारी नाल्याचं पाणी नको तेव्हा रानात शिरतंय.

आता भात. पाएला दुपारचं खाणं, दोनच्या सुमारास. रात्री मागणारा पाहुणाच असतो. अस्सल व्हॅलेन्सियन पाएलात चिकन नि ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाच्या पांढऱ्या मोठ्या बिया, टोमॅटो, केशर. कांदा घालत नाहीत, मासे तर नाहीतच. तेव्हा ती मिस्टरांना. तुम्हाला आर्रोस अ बान्दा, माशाच्या रश्श्यातला भात. तांदूळ आखूड नि गुबगुबीत. बोंबा नावाचं वाण तर रस्सा पिऊन फुगतं पण फुटत नाही. आपल्या बासमतीसारखा वास नाही त्याला, वास रश्श्याचा. तांदूळ पडला की डाव लावायचा नाही. पातळ थर असतो, बोटभरसुद्धा नाही. आमची ही म्हणाली, "परातीत भात कोण शिजवतंय?" पण तळाची खरवड चमच्यानं खरवडून तिनंच संपवली.

सासूबाईंसाठी पाएला दे वेर्दुरास मिळते, पण रस्सा कशाचा ते आधी विचारा, चिकनचा निघायचा. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो" एवढं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. तोर्तिया म्हणजे चपाती समजू नका, ते अंडं-बटाट्याचं असतं. बटाट्याच्या फोडींवर आलिओली नावाचं पांढरं घालतात, त्यातही बहुतेक अंडं. पावावर टोमॅटो चोळून, तेल-मीठ घालून देतात, ते निर्धास्त.

गुडघे दुखतात म्हणालात तर कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याच्या नादी लागू नका, २०७ पायऱ्या. त्यापेक्षा तुरियाच्या बागेत बसवा. १९५७ च्या ऑक्टोबरात गाव पुरात बुडालं, म्हणून नदीच दक्षिणेकडनं वळवली. रिकाम्या पात्रात मोठा रस्ता करायचं घाटत होतं, लोकांनी होऊ दिलं नाही, आता नऊ किलोमीटर बाग. वर जुने पूल तसेच, खाली झाडं. शहापूरकरांची सायन्स सिटी त्याच्याच शेवटाला, बाहेरनं बघितली तरी पोट भरतंय. पुराचा विषय मात्र जपून काढा. २०२४ च्या ऑक्टोबरात परत महापूर आला, तेव्हा या वळवलेल्या नदीमुळं शहर वाचलं, पण दक्षिणेकडची गावं गेली. दोनशेच्या वर माणसं दगावली.

निपाणीची लेक:
काकांनी मंडई सोडली! मर्कादो सेंत्राल, १९२८ ची इमारत, काचेचे घुमट. सकाळीच जा, तीनपर्यंत बंद होते आणि रविवारी उघडतच नाही. मुलीकडं स्वयंपाकघर असेल तर भाजी तिथनंच घ्या. समोरच ला लोन्खा, जुना रेशमाचा बाजार. पिळाच्या खांबांचा हॉल आहे, बांधकाम १४८२ ला सुरू झालेलं. डाळ-मसाला लागलाच तर रुसाफा भागात दुकानं आहेत. मिस्टरांना सकाळी दहा-साडेदहाला एस्मोर्सारेत करू दे: आधी टेबलावर शेंगा नि ऑलिव्ह, मग हातभर पाव, शेवटी जाळलेल्या रमची कॉफी. माझे बाबा त्यावर दुपारचं जेवले नाहीत. आणि ९ ऑक्टोबरच्या आसपास असलात तर मिठाईच्या दुकानांत बदामाच्या मार्झिपानची इवलीइवली फळं बघा, रुमालात बांधून देतात.

टिळकवाडीची सून:
सगळ्यांचे आभार. गुरुवार नक्की केला. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या विचारतायत पिण्यासारखं काय? दूध त्यांना सोसत नाही. आणि मध्ये एकादशी येतेय.

येळ्ळूरचा बासमतीवाला:
ओर्चाता! तेच लिहायचं राहिलं की. चुफा म्हणून बारका कंद, आपल्या नागरमोथ्याच्या घराण्यातला. भिजवून, वाटून, गाळून साखर घालतात. दूध अजिबात नाही, थंडगार देतात. मेट्रोनं आल्बोराया गावी जा, चुफाची रानं तिथलीच. सोबत फार्तोन नावाचा लांबडा गोड पाव बुडवून खातात, त्यात अंडं असतं, तो त्यांना नको. एकादशीचं म्हणाल तर आमच्या हिनं कंद म्हणून रताळ्याच्या खात्यात घातलं आणि वर आणखी एक ग्लास मागवला. सासूबाईंनी काय ते ठरवावं, मी मध्ये पडत नाही.