अ‍ॅबोरिजिनल साहित्य वर्गात आपण शिकवावं का?

मेलबर्नची बाई: मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. ऊजरू नूनकल यांचा १९६४ चा ‘वी आर गोइंग’ हा संग्रह, अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, कवीचा छापलेला पहिलाच, शाळेच्या लायब्ररीतून सहज घरी आणला आणि मला नादच लागला. आता वर्षातला बराच वेळ मी या लेखकांना देते.

परवा वर्गात ५० डॉलरची नोट फिरवली. तिच्यावर अ‍ॅबोरिजिनल लेखक डेव्हिड युनायपन आहेत. त्यांनी जमवून लिहिलेल्या कथा १९३० साली विल्यम रॅमसे स्मिथ या गोऱ्या डॉक्टरच्या नावावर छापल्या. युनायपन १९६७ मध्ये गेले. पुस्तकाला त्यांचं नाव लागलं २००१ मध्ये. मागच्या बाकावरच्या पोराने नोट उजेडात धरून विचारलं, “मग पुस्तक नक्की कुणाचं?” अख्खा तास त्यावरच गेला. हे शिकवायचं नाही तर काय शिकवायचं?

सिडनीकर: बाई, तळमळ कळते, पण पटत नाही. कोणती कथा कुणी, कुणासमोर सांगायची याचे त्यांच्यात नियम असतात. आपण मराठी माणसं कालपरवा ऑस्ट्रेलियात आलेली. कथा त्यांची आणि मधे तोंड आपलं, असं नको. शाळेने त्यांच्यातलीच माणसं बोलवावीत.

मेलबर्नची बाई: बोलवावीतच. पण ती येईपर्यंत पुस्तकं कपाटात ठेवायची? त्यांनी स्वतः लिहून छापलेलं मी वाचून घेते, पवित्र कथा सांगत नाही. आपल्याकडे दलित आत्मकथनं फक्त दलित मास्तरांनीच शिकवायची असं ठरलं असतं, तर आपल्यातल्या किती जणांच्या हाती ती पडली असती?

पर्थहून: मी शिकवून पोळलोय, म्हणून लिहितो. डोरिस पिल्किंग्टन गारिमारा यांचं पुस्तक घेतलं होतं. १९३१ मध्ये सरकारने आयांपासून तोडलेल्या तीन अ‍ॅबोरिजिनल मुली मूर रिव्हरच्या वसाहतीतून पळाल्या, ससे अडवायला घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेने साधारण १,६०० किलोमीटर चालायला. दोघी घरी पोचल्या, एक पकडली गेली. वर्गात एकच नूंगार, म्हणजे इथल्या अ‍ॅबोरिजिनल समाजातली, मुलगी होती. उतारा संपला आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने वही मिटली. पुढे आठवडाभर ती वर्गात बोलली नाही. धडा तिच्या लोकांचा आणि शिक्षा तिलाच.

सिडनीकर: मी हेच म्हणतोय.

पर्थहून: नाही, पुस्तक चुकीचं नव्हतं. मी आधी तिच्या घरी फोन करायला हवा होता.

मेलबर्नची बाई: वाचून पोटात कालवलं. माझ्याही यादीत मुलं हिरावल्याच्याच कथा जास्त आहेत. पुढच्या टर्मची सुरुवात टॅरा जून विंच यांच्या ‘द यील्ड’ने करते. त्यातले आजोबा विराजुरी या अ‍ॅबोरिजिनल भाषेचा शब्दकोश लिहितात, तोही शेवटच्या अक्षराकडून उलटा. दुःख त्यातही आहे, पण मुलांच्या कानावर आधी त्यांचे शब्द पडतील. आणि माझ्या वर्गातल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या घरी फोन मी सोमवारीच करते.